तीन गाळे आणि वरचं घर: वाईतल्या बंद घराच्या कामाच्या नोंदी

घर वाईत आहे, ढोल्या गणपतीच्या देवळापासून चालत सहा-सात मिनिटांवर. रस्त्याला लागून तीन गाळे, वर राहायचं घर, मागे परसू. पणजोबांनी बांधलं. मधल्या गाळ्यात आजोबांचं किराणा-भुसाराचं दुकान होतं. त्यांच्यामागे धाकट्या काकांनी ते २००४ पर्यंत ओढलं. मग दुकानाच्या फळ्या लागल्या त्या लागल्याच. वरचं घर २००६ पासून बंद. डावा गाळा टेलरकाकांकडे, महिना ६० रुपये भाड्याने. उजव्या गाळ्याला १९९८ पासून कुलूप; भाडेकरू वारले, मुलं मुंबईत.

आमच्या एका आळीत अशी कुलूपबंद घरं मोजली तर अकरा भरली. त्यातल्या एकाही घराला गिऱ्हाईक नाही असं मला वाटत नाही. पाणी गळतंय आणि सह्या अडल्या आहेत, एवढंच बहुतेकांचं दुखणं आहे. आमचंही तेच होतं. पुण्याहून दर शनिवार-रविवार जाऊन जे केलं ते वहीत लिहीत गेले, तेच इथे उतरवते. ज्यांच्याकडे असंच घर आहे त्यांना आमच्या चुकांचे पैसे तरी वाचावेत.

२६ जुलै २०२१

२२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. घाटाखाली वाईतही दोन दिवस उसंत नव्हती. शुक्रवारी पहाटे शेजारच्या वहिनींचा फोन: "मागची भिंत बसली गं तुमची." रस्ते सुरू झाल्यावर आज पोचले. पांढऱ्या मातीची दीड हात रुंद भिंत, पंधरा फूट लांबीची, परसात आडवी झाली आहे. माणसाला काही झालं नाही, पण वहिनींचं तुळशीवृंदावन मातीखाली गेलं. त्या काही बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं.

वर जाऊन पाहिलं तर भिंतीचा माथा चिखल झालेला. दोन पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, जिथे मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ गंजून तिला हातभर भोक पडलं आहे. किती वर्षं पाणी थेट भिंतीच्या डोक्यात उतरत होतं कोण जाणे. मातीची भिंत शंभर वर्षं उभी राहते. तिच्या डोक्यावर छप्पर आणि पायाशी कोरडी जमीन हवी, बस.

ताडपत्री, बांबू, सुंभ आणि चार माणसांची दोन दिवसांची मजुरी, राडारोडा उचलण्यासह २१,००० रुपये. वृंदावन आधी बांधून दिलं.

१७ ऑगस्ट २०२१

नगरपरिषदेची नोटीस दारावर चिकटवलेली: कलम १९५, धोकादायक इमारत, दुरुस्त करा नाहीतर उतरवा. नोटीस पणजोबांच्या नावाने. ते १९६१ साली गेले.

दोन जणांना घर दाखवलं. पहिले ठेकेदार. वर न चढताच म्हणाले, पाडा, आरसीसी करा, ३२ लाख. दुसरे साताऱ्याचे एक वयस्क स्ट्रक्चरल इंजिनियर. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि चौदाच्या चौदा खांबांच्या बुडाशी तो दाबून पाहिला. अकरा ठिकाणी टोक शिरलंच नाही. तीन ठिकाणी मुठीपर्यंत आत गेलं. म्हणाले, "खांब वरून सगळे टणक आहेत. बुडाचे तीन बदला, पाखी बदला, पडलेली भिंत बांधा. एवढं सागवान आज कुठून आणाल?"

त्यांचा अहवाल आणि कामाचं वेळापत्रक जोडून नोटिशीला लेखी उत्तर दिलं आणि पोच घेतली. नोटीस आली की लोक एकतर घाबरून पाडतात नाहीतर ती फाडून टाकतात. तिसरा मार्ग असतो, आणि त्याला दोन कागद पुरतात.

९ ऑक्टोबर २०२१

काम सुरू करायचं तर घर कुणाचं? मिळकत पत्रिकेवर अजून पणजोबाच. खाली वारस धरले तर नऊ जण: दोन काका, तीन आत्या, मी आणि माझा भाऊ, चुलत आजोबांची दोन नातवंडं. त्यातला एक मेलबर्नला.

इथे मी पहिली मोठी चूक केली. वकिलांकडून हक्कसोड पत्राचा मसुदा करून घेतला आणि सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. मुद्रांक तेव्हा फक्त २०० रुपये होता, पानामागे २० रुपये हाताळणी, सगळं सोपं वाटलं. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग थोरल्या आत्याचा फोन आला. वय ८१. रागावली नव्हती, रडत होती. "पैसा नको गं मला त्यातला. पण सही केली की माहेर संपलं. मग त्या दारात मी कोण म्हणून उभी राहू?"

यावर कायद्याचं उत्तर आहे: मुलींचा वाटा मुलांएवढाच, २००५ च्या दुरुस्तीनंतर त्यात शंका उरलेली नाही. पण आत्या कायद्याचं विचारत नव्हती. माझा मसुदा तिला दारातून बाहेर काढत होता, आणि तो मी फोन न करता पाठवला होता.

३१ जानेवारी २०२२

कागद झाले. चार महिने गेले.

हक्कसोड बाजूला ठेवलं. नऊही जणांचे वाटे जसेच्या तसे. सगळ्यांनी मिळून मला दुरुस्ती आणि भाड्याने देण्यापुरतं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलं. विक्रीचा अधिकार त्यात नाही, हे वाक्य ठळक टाकलं. सोबत साधा कौटुंबिक करार: ज्याने जेवढे घातले तेवढे भाड्यातून आधी फिटणार, मग उरेल ते वाट्याप्रमाणे. हे मान्य व्हायला एक रविवार पुरला, कारण या वेळी मी प्रत्येकाच्या घरी जाऊन बसले.

वेळ कुठे गेला ते सांगते. मिळकत पत्रिकेवर वारस नोंद करायला पणजोबांचा मृत्यूचा दाखला लागला. तो नगरपरिषदेच्या जुन्या रजिस्टरात सापडला, पण साल कळवायला आधी आम्हालाच तीन आठवडे लागले. आजोबांचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं 'बापू', म्हणून प्रतिज्ञापत्र. मेलबर्नच्या भावाने मुखत्यारपत्र तिथे साक्षांकित करून पाठवलं, पण भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा लागतो हे आम्हाला अगदी शेवटच्या आठवड्यात कळलं. धावपळ करून भरला.

आणि घरपट्टी. बंद घराला पट्टी नसते असं आमच्या घरात सगळे धरून चालले होते. २००९ पासून कुणी भरलीच नव्हती. मुद्दल ३१,००० आणि महिन्याला २ टक्क्यांनी चढलेली शास्ती ४२,४००. एकूण ७३,४०० रुपये भरले. घर बंद ठेवायलाही पैसे लागतात. ते फक्त दिसत नाहीत.

वकील, दाखले, मुद्रांक, प्रवास धरून कागदांचा खर्च ६४,०००.

१९ फेब्रुवारी २०२२

छप्पर. सगळ्यात आधी छप्पर, कारण मेच्या शेवटी वळीव येणार.

कौलं उतरवली. दोन्ही पाखी मिळून १२० चौरस मीटर; मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ बसतात, म्हणजे १,८०० हवीत. आमची धड निघाली ७००. एका पाडलेल्या घराची जुनी कौलं १४ रुपयाला एक मिळत होती. १,२०० घेतली, १६,८०० रुपये रोख देऊन टेम्पो भरून आणला.

दुसऱ्या दिवशी रीप ठोकून कौलं चढवायला घेतली तर साडेचारशे बसेचनात. एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात जुळत नाही, हे मला माहीत नव्हतं. पाठीवर शिक्का असतो तो वाचून घ्यायचा असतो. मिस्त्री म्हणाले, "ताई, कौल घेताना चार वेगवेगळी उचलायची आणि जमिनीवर एकात एक लावून बघायची. दिसायला समदी सारखीच." कमी पडली तेवढी नवी आणली, ३२ रुपयांनी ४५०, म्हणजे १४,४०० आणखी गेले. नवी एका पाख्याला, जुनी दुसऱ्याला, अशी वाटणी केली म्हणून निभावलं. न बसलेली कौलं परसात रचून ठेवली आहेत.

वासे निम्मे बदलले, रीप सगळे. लाकूड १,८५,०००. मजुरी ९२,०००. पन्हळ नवी, आधीच्या दीडपट रुंद.

२० मार्च २०२२

तीन खांबांची बुडं. हे काम मी दिवसभर जवळ उभी राहून पाहिलं.

खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेके दिले. मग ट्रकचा जॅक लाकडी ठोकळ्यावर ठेवून सुतारकाकांनी तो पाव पाव फेरा फिरवला. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर थांबायचे आणि वर कान लावायचे. तुळई कुरकुरली की पाच मिनिटं हात काढून बसायचं. तासाभराने खांब आणि त्याखालच्या दगडी तळखड्याच्या मध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली. तेवढीच हवी होती. कुजलेला दोन फूट भाग कापला, जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने बसवला, आरपार दोन बोल्ट, आणि तळखड्यावर शिशाचा पातळ पत्रा, म्हणजे दगडातली ओल लाकडात चढणार नाही. जॅक उतरवताना सांधा बसला तेव्हा 'टक्' असा एकच आवाज आला. काका म्हणाले, "बसला."

तिसऱ्या खांबाचा कुजका तुकडा हातात घेतला तर तो पावासारखा चुरला. कारण तिथेच कळलं. धाकट्या काकांनी ऐंशीच्या सुमारास शहाबादी फरशी घातली होती ती खांबाला घट्ट भिडवून, वर सिमेंट भरून. खांबाचं बूड फरशीखाली गाडलं गेलं आणि ओल कायमची तिथे बसली. उरलेल्या अकरा खांबांभोवतीची फरशी आम्ही बोटभर कापून मोकळी केली.

खांब, टेके, वाळवीचं औषध मिळून १,१२,०००.

१५ मे २०२२

मागची भिंत विटांची, तळाला काळ्या दगडाची दोन फुटी जोती. वरच्या घरात संडास-बाथरूम कधीच नव्हतं, ते परसात होतं. आजच्या काळात तसलं घर कुणी घेणार नाही. ठेकेदार म्हणत होता की माजघराच्या कोपऱ्यात करून टाकू. मी नको म्हटलं. लाकडी कडीपाटावर बाथरूम केलं की काही वर्षांनी खालच्या तुळया कुजणार, हे पेठेत दोन घरांत पाहिलं आहे. त्याऐवजी पडलेल्या भिंतीच्या जागेलाच लागून पाच बाय आठ फुटांचा वेगळा विटांचा मनोरा उठवला, खाली एक, वर एक. त्याचं वजन आणि पाणी जुन्या घराला शिवतच नाही. यासाठी नकाशा देऊन परवानगी घेतली, सात आठवडे लागले. हे आधी कळलं असतं तर जानेवारीतच अर्ज केला असता.

भिंत आणि मनोरा २,७५,०००.

मे संपत आला म्हणून घाई झाली. आतल्या मातीच्या भिंतींना गिलावा करायचा होता. चुन्याला वेळ लागेल म्हणून सिमेंटचा करून घेतला. ४७,०००. गुळगुळीत दिसतोय.

२४ जुलै २०२२

गिलावा गेला.

पेठेकडच्या भिंतीवर तळापासून चार फुटांपर्यंत ताटाएवढे फुगे आले आहेत. बोटाने वाजवलं की पोकळ वाजतं. एका फुग्यावर हात ठेवला तर अख्खा पापुद्रा माझ्या पायाशी पडला आणि मागे माती ओली, काळपट, हाताला थंड. मातीची भिंत खालून थोडी ओल ओढतेच आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. सिमेंटने तिचं तोंडच बांधलं. ओल आत साठली आणि माती सुटायला लागली. आणखी दोन पावसाळे गेले असते तर ही भिंतही बसली असती.

इंजिनियरकाकांना फोन केला. ते मार्चमध्येच म्हणाले होते, चुनाच करा. मी ऐकलं नाही. सगळा गिलावा खरवडून काढायला आणखी ११,०००. म्हणजे ५८,००० रुपये आणि दोन महिने मी पावसात घालवले. आजचा दिवस वाईट गेला. संध्याकाळी घाटावर जाऊन बसले, कृष्णेला पाणी मोठं होतं.

६ ऑगस्ट २०२२

वीज. २००६ मध्ये कनेक्शन कायमचं तोडलेलं, थकबाकी तशीच. मार्च २०२२ पासून कायमस्वरूपी खंडित ग्राहकांसाठी विलासराव देशमुख अभय योजना चालू होती (ती आता संपली आहे). व्याज आणि विलंब आकार माफ, एकरकमी भरलं तर मुद्दलावर आणखी १० टक्के सूट. मुद्दल ६,१८० होतं, ५,५६२ भरले. अशी संधी सारखी येत नाही, पुन्हा आली तर ज्यांची घरं बंद आहेत त्यांनी बिल काढून पाहावं.

जुनं वायरिंग लाकडी पट्ट्यांवरचं, ते सगळं काढलं. परवानाधारक वायरमनचा टेस्ट रिपोर्ट लागतो. गाळ्यांना वेगळी मीटरं, वरच्या घराला वेगळं. आताच वेगळी केली, नाहीतर पुढे भाडेकरूंत बिलावरून भांडणं ठरलेली. थकबाकी धरून ९६,०००.

१३ नोव्हेंबर २०२२

चुना. कळीचा चुना परसातल्या खड्ड्यात विझवला, एकवीस दिवस पाण्याखाली ठेवला. पहिल्या दिवशी खड्डा असा उकळत होता की शेजारची मुलं बघायला जमली. त्यांना लांब ठेवायला एक माणूस बसवावा लागला. डोळ्यात उडाला तर डोळा जातो. त्यात वाळू, विटांची सुरखी, ताग, आणि गूळ-हिरड्याचं पाणी. हे काम येणारे मिस्त्री मेणवलीच्या बाजूला मिळाले, सत्तरीचे आहेत. त्यांच्या हाताखाली आमचा नेहमीचा गवंडी शिकायला राहिला, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

इथेही एकदा चुकलो. पहिला थर चार दिवसांत वरून पांढरा झाला म्हणून दुसरा चढवला. आठवड्यात भेगा. मिस्त्रींनी नख रुतवून दाखवलं, आत अजून लोण्यासारखा मऊ होता. माजघराची एक भिंत परत केली. त्यानंतर प्रत्येक थराला तीन आठवडे, त्यातले दहा दिवस ओली गोणपाटं टांगून.

१,३८,०००. सिमेंटच्या तिप्पट. २०२३ च्या पावसाळ्यानंतरची टीप इथेच जोडते: एकही फुगा नाही.

८ जानेवारी २०२३

टेलरकाका. हे लिहायला मी टाळत होते.

दीड वर्ष ते आमच्याशी बोलत नव्हते. त्यांच्या गाळ्यावरचं छप्पर पाहायलाही त्यांनी आत येऊ दिलं नाही; आम्ही ते बाहेरून बदललं. पूर्वी घरातल्याच एकाने त्यांना काढण्यासाठी गाळ्याची वीज तोडली होती, हे मला नंतर कळलं. दुरुस्ती म्हटली की त्यांना हाकलणंच ऐकू येत असणार.

त्यांचं भाडं महिना ६० रुपये. भाडे नियंत्रण कायद्याने दर वर्षी ४ टक्के वाढवता येतं, म्हणजे २ रुपये ४० पैसे. भांडून काय मिळणार होतं? आज आत्याला सोबत घेऊन गेले. आत्याचं परकर-पोलकं त्यांच्या वडिलांनी शिवलेलं. तिने आत शिरताच विचारलं, "मशीन तेच का रे, वडलांचं?" तेच होतं. मग चहा आला.

मी एवढंच म्हटलं की तुम्ही इथेच राहायचं, लिहून देते. गळकं छप्पर गेलं, नवी वीज आली, आता भाडं किती द्याल ते तुम्ही सांगा. त्यांनी दोन मिनिटं टेप बोटाला गुंडाळली, सोडली. "दीड हजार. आणि माझ्या मागे मुलगा बसणार." मान्य. कागदावर आलं.

२६ फेब्रुवारी २०२३

मधला गाळा. बाहेर अकरा फळ्या. खालच्या उंबऱ्यात आणि वरच्या पट्टीत खाच, तिच्यात एकेक फळी सरकवत जायची, शेवटची दाराजवळ, तिला कडी. प्रत्येकीच्या माथ्यावर पटाशीने आकडा कोरलेला, कारण क्रम चुकला तर अकरावी बसतच नाही. चौथीच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने गुळाच्या ढेपांचा हिशोब, आजोबांचं अक्षर. सोड्याने फळ्या धुतल्या, ती एक तशीच ठेवली.

आतल्या लाकडी फडताळावर सुतारकाकांनी रंधा मारला तेव्हा पिवळी धूळ उडाली आणि गाळाभर हळदीचा वास सुटला. एकोणीस वर्षं दुकान बंद होतं. हळद फटींत बसून राहिली होती. आम्ही दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

सगळ्यांनी शटर लावा म्हणून सांगितलं. नवीन येणाऱ्याला कुलपाची भीती असते, हेही खरं. शेवटी शटर आत, फळ्या बाहेर. फळ्या, शटर, फरशी ८८,०००.

९ एप्रिल २०२३

गाळा कुणाला द्यायचा? तिघे आले. पिठाची गिरणी: भाडं चांगलं, पण गिरणीची थरथर मातीच्या भिंतीला सोसणार नाही, नको म्हटलं. पुण्याहून एक कॅफेवाले, पाचगणीला जाणारे पर्यटक थांबतील म्हणून १८,००० द्यायला तयार. त्यांना मधली भिंत काढून दोन गाळे एक करायचे होते, म्हणजे उजवा गाळाही हवा आणि पुढेमागे टेलरकाकांचाही. आठवडाभर मी खरंच विचार केला. पैसे लवकर फिटले असते. काकांना दिलेला कागद आठवला आणि नकार कळवला.

तिसरा, गावातलाच तरुण. मिक्सर, पंखे, पंपाच्या जळलेल्या मोटारींची तार नव्याने भरून देतो, आजवर आईच्या ओसरीत करत होता. भाडं ४,०००, अनामत २०,०००, ३६ महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, म्हणजे ४०० च्या आत, आणि नोंदणी १,०००. करार तोंडी ठेवू नका, नोंदणीची जबाबदारी घरमालकावरच असते. दहापेक्षा कमी माणसं असल्याने त्याला दुकानाची फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागली.

आज दुकान उघडलं. वरचं घर अजून अर्धवट होतं, तरी मी थांबले नाही. रस्त्यावर एक दिवा लागला की रात्री लोक त्या बाजूने चालायला लागतात. नंतरची टीप इथेच जोडते: दोन आठवड्यांत वहिनींनी त्यांच्या बंद पडवीतला दिवा लावायला सुरुवात केली.

२ जुलै २०२३

वर बिऱ्हाड आलं. परिचारिका, तिचा नवरा, सासू, दोन मुलं. ५,५०० रुपये. पूर्वी याच दोन खोल्यांत विश्वकोशात काम करणारं एक कुटुंब राहायचं, बाबा त्यांच्याकडे शब्दांचे अर्थ विचारायला जायचे असं सांगत. चारचाकी लावायला जागा नाही हे मी आधीच सांगितलं. त्यांच्याकडे स्कूटर आहे, ती बोळात मावते. सासूबाईंनी आल्या आल्या परसात अळू लावलं.

१४ एप्रिल २०२४

हिशोब पूर्ण केला. एकूण १२ लाख ३३ हजार ६०० रुपये, त्यातले ५८,००० सिमेंटच्या गिलाव्यात वाया. वेळ: भिंत पडल्यापासून पहिला गाळा उघडेपर्यंत साडेवीस महिने. भाडी मिळून महिना ११,०००, म्हणजे पट्टी-दुरुस्ती न धरता नऊ वर्षं चार महिने फिटायला. बँकेत ठेवले असते तर जास्त मिळाले असते, असं धाकटे काका म्हणतात. दिवाळीला आत्या दोन दिवस राहून गेली, तेव्हा उंबऱ्यावर रांगोळी तिनेच काढली.

पुन्हा करायचं झालं तर क्रम असा ठेवीन: ताडपत्री पहिल्या दिवशी, सगळ्या नातेवाइकांकडे स्वतः जाणं दुसऱ्या दिवसापासून, परवानगीचा अर्ज कागदांबरोबरच, चुना आदल्या दिवाळीत भिजत. आणि एक गाळा सगळं घर होण्याआधी उघडीन.

१९ मे २०२४

उजव्या गाळ्याच्या वारसांना तीन पत्रं गेली होती, रजिस्टर पोस्टाने. पहिली दोन परत आली. तिसऱ्या पत्रात मी उघडलेल्या दोन गाळ्यांचा आणि लावलेल्या दिव्यांचा फोटो घातला. आज थोरल्या मुलाचा फोन आला. मुंबईला आहेत, साठीचे. म्हणाले, वडलांचं रद्दीचं सामान असेल आत, किल्ली शोधतो, पाऊस उघडला की येतो.

सुतारकाकांना सांगितलं तर ते लगेच जाऊन बाहेरून फळ्या मोजून आले. नऊ आहेत, दोन कुजल्यात, तिसरी आणि आठवी. सागाचे दोन तुकडे त्यांनी कापून ओसरीत उभे केले आहेत. आकडे कोरलेत.